आरशातल्या मांडण्या मी का टाकून दिल्या

मी संगणकावर बनवलेल्या एका पटाच्या खेळाबद्दल भाच्याने पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा मी ती मनावर घेतली नाही. "मावशी, निळ्याला काही करताच येत नाही गं. लाल सुरू करतो आणि संपतं." तो बारा वर्षांचा आणि सलग चार डाव हरलेला. मला वाटलं, रडतोय. त्या रात्री मी निळी बाजू घेऊन माझ्याच बॉटशी, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामशी, सहा डाव खेळले आणि सहाही हरले. मग लाल घेऊन सहा खेळले, त्यातले पाच जिंकले. पोरगं खरं बोलत होतं.

खेळाचं नाव मी 'पाणंद' ठेवलं होतं. नियम हेक्स नावाच्या जुन्या खेळाचेच आहेत. षटकोनी घरांचा तिरका पट, ११ बाय ११, म्हणजे १२१ घरं. लालने वरची कड खालच्या कडेला जोडायची, निळ्याने डावी कड उजवीला. आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची. ठेवलेली हलत नाही, मरत नाही. आमच्या सांगलीकडे शेतांमधून जाणाऱ्या वाटेला पाणंद म्हणतात. इथे एकाची वाट जोडली गेली की दुसऱ्याची कायमची अडते, म्हणून हे नाव. डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी १९४२ मध्ये हेक्स शोधला, आणि १९४८ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात गणितज्ञ जॉन नॅश यांना तो स्वतंत्रपणे सुचला. यात बरोबरी होऊच शकत नाही, आणि याच गोष्टीमुळे मी या खेळाच्या प्रेमात पडले. पूर्ण पट भरा, कसाही भरा, कुणातरी एकाची वाट जोडलेली असतेच.

रिकाम्या पटावर पहिली खेळी करणाऱ्याचा फायदा फार मोठा असतो. त्यावरचा उपायही सगळ्यांना माहीत आहे: पहिल्याने एक सोंगटी ठेवायची आणि दुसऱ्याने ठरवायचं, ती बाजू आपण घ्यायची की आहे तसं पुढे खेळायचं. आजोळी आंब्याचे वाटे असेच व्हायचे. फोडी एकाने करायच्या, आधी उचलायचं दुसऱ्याने. सुरी धरणारा मग किती जपून कापतो ते बघण्यासारखं असायचं. हेक्समध्येही पहिला खेळाडू मुद्दाम धड चांगली नाही, धड वाईट नाही अशी खेळी शोधतो. पण नेहमी खेळणाऱ्यांकडे अशा खेळ्यांचे नकाशे तयार असतात, त्यामुळे डाव कडेच्या त्याच त्या मोजक्या घरांतून उघडतात. नवा माणूस चौथ्या खेळीपर्यंत मागे पडलेला असतो आणि त्याला कळतही नाही की समोरचा अजून विचार करायलाच लागलेला नाही.

मला हे मोडायचं होतं. प्रत्येक डाव नव्या मांडणीवर सुरू व्हावा, दोघांनाही तिथे पाठांतर उपयोगी पडू नये. बुद्धिबळात माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्युनॉस आयर्सला हेच केलं. मागच्या ओळीतली मोहरी ९६० प्रकारे मांडायची, पण काळ्या-पांढऱ्याची मांडणी समोरासमोर सारखी. मी तेच उचललं. लालच्या तीन सोंगट्या पटावर कुठेही पडायच्या आणि कर्णाच्या पलीकडे आरशात दिसतील तशा निळ्याच्या तीन. पट बघितला की डोळ्यांना बरं वाटायचं. दोघांना सगळं सारखं, आणखी काय हवं?

चूक कुठे आहे ते सरांनी दाखवलं. सर म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे वडील. शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांना लिंक पाठवली होती ती नुसती आवड म्हणून. दोन दिवसांनी त्यांचा फोन.

"अगं, तू आरसा धरलास म्हणजे पहिला जिंकणार असं लिहूनच दिलंस की."

"सर, पण दोघांना सारखंच दिलंय ना?"

"म्हणूनच. कागद घे."

त्यांनी सांगितलं ते असं. समजा, दुसऱ्याकडे हमखास जिंकायची रीत आहे. मग पहिल्याने एक सोंगटी कुठेही ठेवून द्यावी, आणि त्यानंतर स्वतःलाच दुसरा समजून तीच रीत आरशात बघून चालवावी. या खेळात स्वतःची जास्तीची सोंगटी कधीच नडत नाही. रीत ज्या घरात ठेवायला सांगते तिथे आपली सोंगटी आधीच असेल, तर आणखी एक कुठेही ठेवून मोकळं व्हावं. म्हणजे पहिलाही हमखास जिंकणार. दोघे एकदम जिंकू शकत नाहीत, म्हणून दुसऱ्याकडे अशी रीत असणं अशक्य. आणि बरोबरी नसल्यामुळे ती पहिल्याकडे असायलाच हवी.

रिकाम्या पटासाठीचा हा युक्तिवाद नॅश यांचा. मी तो वाचलेला होता. पण माझ्या सहा सोंगट्यांच्या पटालाही तो जसाच्या तसा लागू होतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण मांडणी इतकी नीटनेटकी दिसत होती. आरशातली मांडणी डोळ्यांना सर्वांत न्याय्य वाटते, आणि नेमकी तीच पहिल्याच्या बाजूची आहे हे कागदावर सिद्ध होतं. बुद्धिबळात हे चालून जातं कारण तिथे बरोबरीला जागा आहे. पांढऱ्याचा फायदा बरोबरीत मुरून जातो. इथे मुरायला जागाच नाही.

सरांनी पुढे जे विचारलं ते मला जास्त लागलं. "बरोबरी नाही, म्हणजे तुझ्या प्रत्येक मांडणीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं आहे. लाल किंवा निळा. मधलं काही नाही. मग न्याय्य मांडणी म्हणजे तू नक्की काय शोधतेयस?"

मला उत्तर देता आलं नाही. ९ बाय ९ च्या पटावर प्रत्येक पहिल्या खेळीनंतर कोण जिंकतो, याचा हिशेब संगणकाने २०१३ मध्ये पूर्ण केलाय. तिथे 'न्याय्य' या शब्दाला तसा अर्थच उरत नाही. ११ बाय ११ चा तसा पूर्ण हिशेब झालेला नाही. दोन दिवस विचार करून मी सरांना लिहिलं: मला अशी मांडणी हवी, जिच्यात कोण जिंकणार हे ठरलेलं असलं तरी खेळणाऱ्या दोघांना ते दिसत नाही, आणि सारखंच दिसत नाही. ते म्हणाले, "चालेल. पण मग ते मोजावं लागेल. नुसतं बघून कळणार नाही."

मग मोजायला बसले.

आधी आरसा मोडायचा. गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळात काळा पहिला खेळतो म्हणून पांढऱ्याला गुणांची भरपाई देतात. जपानमध्ये ती साडेपाच होती, २००२ मध्ये साडेसहा केली. चीनमध्ये साडेसात आहे. तो अर्धा गुण बरोबरी टाळण्यासाठी. पण पाणंदीत गुणच नाहीत, भरपाई द्यायची तर जागेतच द्यावी लागणार. मी निळ्याच्या तीन सोंगट्या चांगल्या जागी ठेवल्या आणि लालची एक सोंगटी पटाच्या मध्यापासून कडेकडे सरकवत गेले. मधली सोंगटी फार दांडगी असते, कडेची दुबळी. पण एक घर सरकवलं की पारडं एकदम दहा टक्क्यांनी हलायचं. बारीक फरक करायला दुसरी, कोपऱ्याजवळची सोंगटी लागायची. आमच्याकडे सोनाराच्या तराजूत गुंजा असायच्या तशी ती कोपऱ्यातली सोंगटी. मोठं वजन आधी, मग ही.

मोजायचं काम बॉटचं. त्याची रीत मॉन्टे कार्लोची: प्रत्येक खेळीआधी तो मनातल्या मनात हजारो आंधळे डाव शेवटपर्यंत खेळून बघतो आणि ज्या खेळीतून जास्त डाव जिंकले जातात ती निवडतो. मी त्याला स्वतःशीच खेळायला लावलं. एका मांडणीवर ४०० डाव. लालचे विजय ४८ ते ५२ टक्क्यांच्या आत आले की मांडणी पास.

पहिल्या आठवड्यात दोनशे मांडण्यांतून एकतीस पास झाल्या. मला इतका आनंद झाला की भाच्याला मी त्यातल्या दहा लगेच दिल्या. त्याने त्या खेळून सांगितलं, "चार बऱ्या आहेत, बाकी पहिल्यासारख्याच." मी त्या एकतीस पुन्हा मोजल्या, या वेळी प्रत्येकी २,५०० डाव. निम्म्याहून जास्त सीमेबाहेर गेल्या. एक तर ५७ वर गेली.

यात बॉटची चूक नव्हती, माझी होती. नाणं ४०० वेळा उडवलं तरी छापा पाच टक्के इकडेतिकडे सहज पडतो. खरं पारडं ५४ चं असलेली मांडणी ४०० डावांत ५० किंवा त्याखाली दिसण्याची शक्यता साधारण वीसात एक. आणि मी तर शेकडो मांडण्यांतून नेमक्या ५० च्या आसपास दिसणाऱ्याच वेचत होते! म्हणजे न्याय्य मांडण्यांबरोबर, योगायोगाने न्याय्य दिसलेल्याही मी गोळा करत होते. एखादी गोष्ट भरपूर ढिगाऱ्यातून निवडली असेल तर ज्या मोजमापाने निवडली त्याच मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही, ती वेगळ्या डावांवर नव्याने मोजायची. हे आता माझ्या हाडात बसलंय. तेव्हापासून पद्धत अशी ठेवली: २०० डावांत जी ४० ते ६० च्या बाहेर ती लगेच काढायची, उरलेलीला ४००, त्यातही टिकली तर नवे २,५०० डाव आणि फक्त तोच शेवटचा आकडा खरा धरायचा. २,५०० डावांनी चूक दोन टक्क्यांच्या आत येते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका मांडणीला चार तास लागायचे. रात्री लावून झोपायचे, सकाळी चहाच्या आधी दोन मांडण्यांचे आकडे बघायचे.

असं महिनाभर चाललं आणि मग शिडीने सगळं पाडलं.

हेक्समध्ये कडेजवळ एक प्रकार होतो, त्याला शिडी म्हणतात. मी दुसऱ्या ओळीत सोंगटी ठेवते आणि कडेला टेकायची धमकी देते. समोरचा पहिल्या ओळीत ठेवून अडवतो. मी पुढच्या घरात, तोही पुढच्या घरात. असं कडेकडेने दोघे सरकत जातो, समोरच्याला थांबता येत नाही. पुढे वाटेत माझी एक सोंगटी आधीपासून उभी असेल तर माझी शिडी तिला जाऊन मिळते आणि मी जिंकते. नसेल तर कोपऱ्यात जाऊन फुकट जाते. म्हणजे कडेजवळची एकटी, आळशी दिसणारी सोंगटी दहा खेळ्यांनंतर सगळा डाव फिरवू शकते. आणि माझी भरपाईची पद्धत काय होती? लालची सोंगटी दुबळी करायची म्हणून तिला कडेकडे सरकवायचं! मी दुबळेपणा म्हणून जे देत होते, ते पुष्कळ मांडण्यांत शिडीचं टोक होतं.

बॉटला हे का दिसलं नाही? आंधळ्या डावात दोन्ही बाजू वाटेल तिथे ठेवतात. दहा खेळ्या सलग अचूक चालणारी शिडी त्यात जवळजवळ कधीच पूर्ण होत नाही, म्हणून टोकाच्या सोंगटीची किंमत बॉटला कळत नाही. एका मांडणीवर लालचा आकडा ५०.४ होता. मी बॉटला प्रत्येक खेळीला विचार करायला वीसपट वेळ दिला आणि त्याच मांडणीवर लाल ६४ वर गेला. सर तर ती मांडणी बघूनच म्हणाले होते, "ही लालची आहे, खालच्या कडेची सोंगटी बघ." मी त्यांना आकडा दाखवून गप्प केलं होतं. नंतर फोन करून त्यांची माफी मागितली.

त्यानंतर प्रत्येक मांडणी दोन बॉटांवर मोजली, एक उथळ आणि एक खोल विचार करणारा. दोघांच्या आकड्यांत पाच टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर मांडणी बाद, मग खोल बॉटचा आकडा बरोबर पन्नास का असेना. कारण त्या अंतराचा अर्थ असा की ती मांडणी नवख्यांसाठी एक आहे आणि मुरलेल्यांसाठी दुसरी. माझ्याकडे दोन्ही प्रकारची माणसं येणार होती.

माणसांचे आकडे हातात आले तेव्हा पुन्हा घाबरले. तोपर्यंत ओळखीपाळखीतले साठ-सत्तर जण खेळू लागले होते. सगळ्या मांडण्या मिळून लालचे विजय ६१ टक्के. इतकी काळजी घेऊनही! दोन रात्री मी मांडण्या उकरत बसले. कारण मांडण्यांत नव्हतंच. खेळायला बोलावणाऱ्याला लाल मिळायचा, आमंत्रण स्वीकारणाऱ्याला निळा. मी हे सोय म्हणून तसं लिहिलं होतं. आता बोलावतो कोण? ज्याला खेळ येतो तो. नवीन मित्राला, बायकोला, ऑफिसातल्या कुणाला तो बोलावतो आणि हरवतो. लाल जिंकत होता कारण लालच्या जागी जाणता माणूस बसत होता. बाजू चिठ्ठीने ठरवायला लागल्यावर पुढच्या महिन्यात आकडा ५२ च्या आसपास आला. मांडणीचा न्याय मोजताना आधी खुर्च्या कोण कशा वाटतंय ते बघावं लागतं, हे मला कुठल्याच हिशेबाने सांगितलं नव्हतं.

तरीही काही मांडण्यांवरून तक्रारी येतच राहिल्या, आणि त्या ज्या मांडण्यांबद्दल होत्या त्यांचे सगळे आकडे स्वच्छ होते. भाच्याने त्यातल्या एकीला 'फसवी' नाव दिलं होतं. मी ती उघडून लालच्या प्रत्येक पहिल्या खेळीचा वेगळा आकडा काढला. एका घरात ठेवलं तर लाल ५१. दुसऱ्या कुठेही ठेवलं तर ४० च्या खाली. निळ्याला मात्र प्रत्युत्तरात सात-आठ चांगल्या खेळ्या. म्हणजे पारडं समान, पण लालला सुईच्या नेढ्यातून जायचं आणि निळ्याला मोकळं रान. बॉट ते नेढं दर वेळी शोधायचा, माणसाला सापडत नव्हतं. हे मी न्यायात धरलंच नव्हतं. आता धरते: दोन्ही बाजूंना सुरुवातीला किमान चार तरी खेळ्या अशा असाव्यात की त्यातली कुठलीही केली तरी डाव हातातून जात नाही. या एका अटीने मांडण्या निम्म्या झाल्या, पण ज्या उरल्या त्या खेळायला सुंदर आहेत. दोन्ही बाजूंना काहीतरी करावंसं वाटतं. मला विचाराल तर सगळ्या गाळण्यांत हीच महत्त्वाची, आणि ती शेवटी सुचली याची मला अजून चुटपुट आहे.

चेकर्स या बुद्धिबळाच्याच पटावरच्या सोंगट्यांच्या खेळात हा प्रश्न लोकांनी फार आधी वेगळ्या वाटेने सोडवला होता. स्पर्धेत पहिल्या तीन खेळ्या चिठ्ठी काढून ठरतात आणि तीच सुरुवात दोघे बाजू बदलून दोनदा खेळतात. मांडणी वाकडी असली तरी वाकडेपणा दोघांच्या वाट्याला सारखा येतो. मी हे गंभीर सामन्यांसाठी जसंच्या तसं घेतलं. पण संध्याकाळी दहा मिनिटांसाठी येणारा माणूस दुसरा डाव खेळेलच असं नाही, त्याच्यासाठी एकाच डावात न्याय हवा.

म्हणून पुन्हा आंब्याकडे आले. आता पाणंदीत चाळीस मांडण्या आहेत. डाव सुरू होताना त्यातल्या तीन समोर येतात. चिठ्ठीत नाव आलेला तीनपैकी एक निवडतो आणि दुसरा बाजू निवडतो. निवडणाऱ्याला माहीत असतं की चांगली बाजू समोरचा उचलणार, म्हणून तो मला जमलं नाही तितक्या बारकाईने पट बघतो. आणि माझ्या आकड्यात राहिलेली दोन टक्क्यांची चूक ते दोघे मिळून आपसांत मिटवतात. नवख्यांना बाजू निवडायचं ओझं वाटतं असं दिसलं, म्हणून पहिल्या दहा डावांपुरतं ते खेळच परस्पर ठरवतो.

गेल्या रविवारी भाचा आणि सर पहिल्यांदा एकमेकांशी खेळले. भाच्याने तीनपैकी मधली मांडणी निवडली. सरांनी साडेचार मिनिटं घेतली आणि निळा उचलला. मला लगेच फोन आला.

"मावशी, सरांनी निळा घेतला. लाल वाईट आहे का गं?"

मी वही उघडली. "लाल ५०.८."

"आणि खोलवाल्या बॉटचा?"

"४९.९."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पटावर पाचव्या ओळीत त्याची लाल सोंगटी उमटली.